निकालाआधीचा हिशेब

फेब्रुवारी-मार्च आला की घराघरात परीक्षेचे वारे सुटते. टीव्हीचा आवाज उतरतो, पाहुण्यांना परस्पर थोपवले जाते, आई पहाटे चहा करून मुलाला उठवते. पण वर्षभर मुलाला नेमके काय कळले आणि कुठे अडले, हे कळायला निकालाचा दिवस उजाडावा लागतो. तोवर वर्ष हातचे गेलेले असते. ही उलटी रीत बदलावी म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत एका मराठी माणसाचे नाव फार वरचे आहे. ते म्हणजे जे. पी. नाईक.

कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडी या लहानशा गावी ५ सप्टेंबर १९०७ रोजी त्यांचा जन्म झाला. मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. पुढे ते जयंत पांडुरंग नाईक या नावाने ओळखले गेले. आज ५ सप्टेंबरला आपण शिक्षक दिन पाळतो, तो राधाकृष्णन यांच्या जन्मदिनानिमित्त. हाच दिवस नाईकांचाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

१९३० च्या सविनय कायदेभंगात त्यांनी उडी घेतली आणि तुरुंगवास भोगला. सुटून आल्यावर नोकरीची वाट न धरता ते धारवाड भागातील उप्पिन बेटगेरी या खेड्यात कामाला लागले. शाळा, आरोग्य, रस्ते अशी सगळीच कामे त्यांनी अंगावर घेतली. मूल शाळेत का येत नाही आणि आले तरी का टिकत नाही, याचे धडे त्यांनी पुस्तकांआधी त्या गावात गिरवले. पुढे सय्यद नुरुल्ला यांच्यासह त्यांनी भारतीय शिक्षणाचा इतिहास लिहिला. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. तिथल्या कामात त्यांच्याबरोबर असलेल्या चित्रा नाईक त्यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. त्या स्वतः थोर शिक्षणतज्ज्ञ होत्या.

१९६४ मध्ये दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला आणि सदस्य-सचिवपद नाईकांकडे आले. देशभर फिरून, सुमारे नऊ हजार लोकांशी बोलून आयोगाने जून १९६६ मध्ये अहवाल दिला. त्याच्या लेखनाचा मोठा भार नाईकांच्या लेखणीने उचलला. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आपल्याला याच अहवालामुळे माहीत झाला. मात्र त्यातली मूल्यमापनाची पाने फारशी कोणी उलटली नाहीत.

त्या पानांतला विचार साधा आहे. मूल्यमापन ही वर्षाअखेरची घटना नसून शिकवण्याबरोबर रोज चालणारी क्रिया आहे. मुलाला काय येते यापेक्षा कुठे अडते हे शिक्षकाने हुडकावे, त्याची नोंद ठेवावी आणि त्याप्रमाणे दुसऱ्या दिवशीचा पाठ बदलावा. म्हणजे ही तपासणी मुलाची, तितकीच शिकवण्याची.

मी हयातभर बँकेत काढली, म्हणून मला हे चटकन पटते. बँकेत वर्षाला तपासनीस येतो हे खरे. पण रोकड जुळवायची ती रोज संध्याकाळी. आज शंभर रुपयांचा फरक पडला तर तो आजच सापडतो. मार्चअखेर शोधायला बसले तर चूक सापडत नाही, फक्त माणूस सापडतो. शाळेत तो माणूस म्हणजे दहावीतले मूल.

पण साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या एकट्या शिक्षकाने हे करायचे कसे? आयोगाने यावर शाळासमूहाची योजना सुचवली. हायस्कूल मध्यभागी आणि भोवतीच्या प्राथमिक शाळा त्याला जोडलेल्या. राजूरहून भोकरदनकडे जाताना पूर्णेकाठी लागणाऱ्या केदारखेड्यासारखे गाव डोळ्यांपुढे आणा. अशा गावच्या हायस्कुलातले गणिताचे शिक्षक आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या गुरुजींबरोबर महिन्यातून एकदा बसले, वह्या समोर ठेवल्या, अपूर्णांकात मुले नेमकी कुठे घसरतात हे पाहिले, तर आठवीत येणारे मूल कच्चे का, याचे उत्तर तिथेच मिळेल. पुण्याहून तज्ज्ञ यायला नको. शिक्षकाने शिक्षकाकडून शिकावे आणि एकाकी राहू नये, हा त्या योजनेचा गाभा होता.

आयोगाने एक धोकाही ओळखला होता. शाळेने दिलेले अंतर्गत गुण बोर्डाच्या गुणांत मिसळू नयेत, वेगळे दाखवावेत, आणि ते सतत फुगवणाऱ्या शाळांना वेसण घालावी, असे त्याने सुचवले. आपण नेमके उलटे केले. महाराष्ट्रात २०१० पासून पहिली ते आठवीला आकारिक मूल्यमापन आले; पण बऱ्याच ठिकाणी नोंदवह्या भरणे हेच काम होऊन बसले. दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढताच २०१९ चा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. आदल्या वर्षी तो ८९.४१ होता. ओरड झाली आणि ते गुण परत आले. मुलांना काय कळत नव्हते, याची चर्चा मात्र घरातही झाली नाही आणि शाळेतही.

नाईकांना आपल्या अहवालाचे काय झाले हे दिसत होते. समता, गुणवत्ता आणि संख्या या तिन्ही गोष्टी एकत्र साधत नाहीत, याची खंत त्यांनी १९७५ च्या पुस्तकात मांडली. तरी ते खचले नाहीत. पुण्यात भारतीय शिक्षण संस्थेच्या कामात, शाळेबाहेर राहिलेल्या मुलांसाठी ते अखेरपर्यंत राबले. ३० ऑगस्ट १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी, १ मे रोजी जालना जिल्हा जन्माला आला होता. पुढे युनेस्कोने जगातल्या शंभर शिक्षणविचारवंतांची चरित्रे काढली, तेव्हा गांधी-टागोरांच्या बरोबरीने बहिरेवाडीच्या या माणसालाही स्थान दिले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळासमूह पुन्हा आला आहे, रोजच्या मूल्यमापनाचा आग्रहही आला आहे. म्हणजे चौपन्न वर्षांनी आपण त्याच पानावर परतलो. आता ते पान नोंदवहीत संपते की वर्गात उतरते, हे शिक्षकावर अवलंबून आहे, तितकेच पालकांवरही. मूल शाळेतून आले की किती गुण पडले हे आपण विचारतोच. त्याच्याआधी आज काय अडले, असे विचारायला पैसा लागत नाही आणि शासनाचा आदेशही लागत नाही.