संत कटेरी आणि तिचा शब्द



लग्न होईपर्यंत शरीराची शुद्धता जपायची, असा निश्चय करणाऱ्या मुली आजही आहेत. विवाहपूर्व शिबिरात हा विषय निघाला की आम्हाला संत कटेरी टेकाकविथा हिची आठवण होते. तिचे व्रत लग्नापुरते नव्हते, जन्मभराचे होते. पण त्यापायी तिने घरात आणि गावात जे सोसले, ते कोणत्याही तरुणीला ओळखीचे वाटेल.

१६५६ साली, आजच्या अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, मोहॉक जमातीच्या खेड्यात तिचा जन्म झाला. वडील जमातीचे प्रमुख, आई अल्गोंक्विन जमातीतली, ख्रिस्ती. कटेरी जेमतेम चार वर्षांची असताना देवीची साथ आली. आई, वडील आणि भाऊ तिघेही गेले. ती वाचली, परंतु चेहऱ्यावर व्रण राहिले आणि नजर अधू झाली. नातेवाइकांनी तिला सांभाळले.

ती वयात आली तशी लग्नाची घाई सुरू झाली. त्या समाजात शिकार पुरुष करीत. घरात जावई आला म्हणजे मांस आणि कातडी आली. बिनलग्नाची मुलगी म्हणजे घरावर ओझे. कटेरी नाही म्हणाली, तेव्हा घरच्यांनी युक्ती केली. एका तरुणाला बोलावून तिच्या शेजारी बसवले आणि त्याला मक्याच्या लापशीचे भांडे दे, असे तिला सांगितले. तिने ते दिले असते तर रीतीप्रमाणे लग्न लागले असते. डाव लक्षात येताच ती उठून शेताकडे पळाली. त्यानंतर घरातली कष्टाची कामे तिच्या वाट्याला आली. हे सर्व तिच्या बाप्तिस्म्याच्या आधीचे, हे विशेष. कोणा धर्मगुरूने तिला हे शिकवले नव्हते.

१६७६ साली जेज्वीट फादर जाक द लांबरव्हिल यांनी तिला बाप्तिस्मा दिला. सिएनाच्या संत कॅथरिनवरून तिला कटेरी हे नाव मिळाले. आता छळ वाढला. रविवारी ती शेतात जाईना, म्हणून त्या दिवशी तिला जेवण मिळत नसे. पुढल्या वर्षी ती पळून कॅनडात, मॉन्ट्रियलजवळच्या मिशनवस्तीत आली.

तिथे सगळे ख्रिस्तीच. पण सुटका कुठली? हिवाळी शिकारीच्या तळावर एक थकलेला शिकारी रात्री उशिरा आला आणि मिळेल त्या जागी आडवा झाला. सकाळी तो कटेरीजवळ झोपलेला त्याच्या बायकोला दिसला. तिने संशय घेतला आणि गोष्ट फादरांपर्यंत नेली. फादरांनी विचारले तेव्हा कटेरीने शांतपणे नाही म्हटले. फादरांचा विश्वास बसला, पण ती पुन्हा कधी शिकारीला गेली नाही. मुलीच्या नावाला डाग लावायला लोकांना पुरावा लागत नाही. आपल्याकडेही लागत नाही.

लग्न कर, असे तिची मानलेली बहीणही सांगू लागली. फादर पिएर शोलेनेक यांनी तिला तीन दिवस विचार करायला सांगितले. ती थोड्याच वेळात परत आली. विचार केव्हाच झाला होता. २५ मार्च १६७९ रोजी, देवदूताच्या संदेशाच्या सणाला, तिने आजन्म कौमार्याचे व्रत घेतले.

मैत्रिणीबरोबर तिने कठोर प्रायश्चित्तेही केली. काट्यांवर झोपणे वगैरे प्रकार आम्हाला अनुकरणीय वाटत नाहीत. फादरांनीही तिला आवरले होते. शरीर देवाचे मंदिर आहे म्हणून जपायचे, तर त्याला असे झिजवायचे कशाला?

१७ एप्रिल १६८० रोजी, पवित्र सप्ताहातील बुधवारी, २४ वर्षांची कटेरी देवाघरी गेली. थोड्याच वेळात तिच्या चेहऱ्यावरचे व्रण नाहीसे झाले, असे जवळ असलेल्या फादरांनी लिहून ठेवले आहे. १९८० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला धन्यवादित, तर २१ ऑक्टोबर २०१२ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी संत घोषित केले. तिचे अवशेष कॅनडातील कानावाकी येथील संत फ्रान्सिस झेवियरच्या चर्चमध्ये आहेत.