कॅप्टन जॉन क्रॉमवेल

ज्यांच्या थडग्यावर फूल वाहतां येत नाहीं, असे असंख्य वीर दुसऱ्या महायुद्धांत समुद्राच्या तळाशीं विसावले. त्यांपैकीं एकाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगत आहों.

जॉन क्रॉमवेल यांचा जन्म अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत हेन्री या गांवीं ११ सप्टेंबर १९०१ रोजीं झाला. ॲनापोलिस येथील नाविक विद्यालयांतून ते १९२४ सालीं उत्तीर्ण झाले व पुढें पाणबुडीच्या कामांत त्यांनीं प्रावीण्य मिळविलें.

नोव्हेंबर १९४३ मध्यें ते 'स्कल्पिन' पाणबुडीवर निघाले. गरज पडल्यास अनेक पाणबुड्यांचें नेतृत्व करावें, ही त्यांची कामगिरी. त्यामुळें गिल्बर्ट बेटांवरील स्वारीचा बेत त्यांस ठाऊक होता. आणि जपानची सांकेतिक लिपि अमेरिकेनें उकलली आहे, हें त्याहून मोठें गुपितही.

१९ नोव्हेंबर रोजीं ट्रुक बेटांच्या परिसरांत 'यामागुमो' या जपानी विनाशिकेनें स्कल्पिनला गांठलें. पाण्याखालीं फुटणाऱ्या स्फोटकांनीं पाणबुडी खिळखिळी झाली. खलाशांस वांचण्याची संधि मिळावी म्हणून कप्तान कॉनवे यांनीं ती वर आणून तोफेनें झुंज दिली. त्यांत ते पडले. पाणबुडी सोडण्याचा हुकूम सुटला. क्रॉमवेल मात्र बाहेर पडले नाहींत. शत्रूच्या छळापुढें आपल्या तोंडून गुपित निघेल, या भीतीनें ते पाणबुडीबरोबरच तळाशीं गेले. दुसऱ्याच दिवशीं गिल्बर्ट बेटांवर स्वारी झाली.

कैद झालेल्या ४१ खलाशांपैकीं २१ जणांस 'चुयो' जहाजावर चढविण्यांत आलें. ४ डिसेंबर रोजीं तें जहाज अमेरिकेच्याच 'सेलफिश' पाणबुडीनें बुडविलें. २१ पैकीं एकटाच वांचला. दैवाचा खेळ असा कीं, १९३९ सालीं हीच सेलफिश 'स्क्वॉलस' या नांवानें बुडाली असतां तिचा शोध स्कल्पिननेंच लावला होता, व त्या वेळीं ३३ जणांचे प्राण वांचले होते.

युद्ध संपल्यावर बंदिवासांतून परतलेल्या सोबत्यांनीं ही हकीकत सांगितली, आणि क्रॉमवेल यांस मरणोत्तर 'मेडल ऑफ ऑनर' हें सर्वोच्च पदक देण्यांत आलें.

त्यांस स्वतःचा भरंवसा नव्हता, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. मनुष्यदेहाची दुर्बलता ओळखून तिचें मोल इतरांस भरावयास न लावणें, हेंच खरें धैर्य. मित्रांनो, विश्वासानें सांगितलेली लहानशी गोष्टही आपण क्षणांत उघड करतों. तेव्हां या मौनी वीराचें स्मरण व्हावें. परमेश्वर त्या सर्वांच्या आत्म्यांस चिरशांति देवो.