सलीम अली आणि सुगरण

आपल्या भद्रावतीस तळ्यांची आणि झाडांची उणीव नाही. भद्रनागाच्या दर्शनाला किंवा बाजाराला जाता-येता डोलारा तळ्याकडे नजर टाकली तर काठाच्या गवतात एखादा बगळा, वाकलेल्या फांदीवर खंड्या, आणि नशीब असेल तर पाण्यावर हळदीकुंकू बदकांची जोडी दिसते. चोचीच्या टोकाशी पिवळा आणि मुळाशी तांबडा ठिपका असल्यामुळे या बदकास हे नाव मिळाले. नाव देणाराच्या किंवा देणारीच्या डोळ्यांचे कौतुक वाटते. तरीही आपल्यापैकी बहुतेकींची अशी समजूत असते की, पक्षी पाहावयाचे तर ताडोब्याच्या जंगलात जावे लागते, दुर्बीण लागते आणि मुख्य म्हणजे रिकामा वेळ लागतो. ज्यांना सारा देश पक्षिशास्त्रज्ञ म्हणून ओळखतो, त्या डॉ. सलीम अलींच्या आयुष्याकडे पाहिले तर ही समजूत फारशी टिकत नाही.

त्यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईस एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. खेतवाडीत राहणारे मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या मुलांना आपल्या घरी वाढविले. मामींना स्वतःचे मूल नव्हते. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या या मुलाची पहिली शाळा मुलींची होती, ही गोष्ट आपल्या मंडळात सांगावयास मला विशेष आवडते. बहिणींबरोबर तोही गिरगावातील मिशनच्या कन्याशाळेत जाई.

मामांनी त्याला छऱ्यांची बंदूक घेऊन दिली होती आणि चिमण्या मारणे हा त्याचा खेळ होता. घराच्या तबेल्यात भिंतीच्या एका भोकात चिमणीने घरटे केले होते. मादी आत अंड्यांवर बसे व नर बाहेर खिळ्यावर पहारा करी. सलीमने नर टिपला. थोड्याच वेळात दुसरा नर त्या जागी येऊन बसला. त्यालाही टिपले, तर तिसरा आला. सात दिवसांत असे आठ नर गेले आणि प्रत्येक वेळी चिमणीला नवा सोबती मिळाला. मुलाने हे सारे वहीत टिपून ठेवले आणि पुष्कळ वर्षांनी ते छापूनही आले. वाचून अंगावर काटा येतो. थोरांच्या बाळपणीचे असे प्रसंग वगळून टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यांनी स्वतः मात्र तो लपविला नाही. मारणारा मुलगा त्याच वेळी मोजतही होता, हे मला त्यात महत्त्वाचे वाटते.

दहा-बारा वर्षांचा असताना त्याने मारलेली एक चिमणी नेहमीची नव्हती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती, हे घरात कोणासच सांगता येईना. मामांनी त्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्डसाहेबांकडे पाठविले. साहेबांनी ती पिवळ्या कंठाची रानचिमणी असल्याचे सांगितलेच, शिवाय कपाटे उघडून पेंढा भरलेले पक्षी एकामागून एक दाखविले. मुलाच्या आयुष्याची दिशा त्या दिवशी ठरली.

दिशा ठरली, पण वाट काही लवकर सापडली नाही. सततच्या डोकेदुखीने शिक्षण रखडले आणि 1913 साली ते मॅट्रिक कसेबसे झाले. कुटुंबाचा धंदा पाहण्यास ब्रह्मदेशात गेले, तेथे खाणीपेक्षा रानाकडेच त्यांचे अधिक लक्ष. धंदा बसला. विद्यापीठाची पदवी नसल्याने सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यात जागा मिळाली नाही. 1926 साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, दरमहा 350 रुपयांवर मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी लागली. ती करीत असताना रजा घेऊन ते बर्लिनला स्ट्रेझमान या पंडितांकडे शिकून आले. 1930 साली परत येतात तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली! वय तेहतीस, शिक्षण परदेशचे आणि हातात काही नाही.

येथे त्यांच्या पत्नीविषयी सांगितलेच पाहिजे. तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह डिसेंबर 1918 मध्ये झाला होता. मुंबईत राहणे परवडेना, तेव्हा दोघे अलिबागजवळच्या किहीम गावी समुद्रकाठच्या घरात राहावयास गेली. नोकरी गेलेला पुरुष घरात बसला म्हणजे घरातील हवा कशी होते, हे आपणांस सांगावयास नको. शेजारीपाजारी काय म्हणतील ते वेगळेच. नवऱ्याने कोणतीही नोकरी पत्करावी असा आग्रह त्या धरत्या तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी तसे केले नाही. 1930 च्या पावसाळ्यात सलीम अली पक्ष्यांची घरटी पाहत तासन् तास बसून राहिले आणि त्यांनी ते बसू दिले.

पाहावयास तेथे काही दुर्मीळ पाखरू नव्हते. ती आपली सुगरण होती. ज्येष्ठ-आषाढात विहिरीवर झुकलेल्या बाभळीला जिचे खोपे लोंबतात, तीच. मराठीने या पाखराला बाईचे नाव दिले आणि विणकामाचे सारे श्रेयही बाईला दिले. परंतु विणतो तो नर. गवताच्या आणि पातींच्या लांब पट्ट्या सोलून आणून तो खोपा निम्म्यापर्यंत आणतो. मग माद्या येतात, आत शिरतात, ओढूनताणून पाहतात. एखादीला पसंत पडला तरच तो पुढे पुरा होतो, अंड्यांची खोली आणि खाली लोंबणारी नळी विणली जाते. मादी आतले मऊ अंथरूण घालते, अंडी घालते आणि उबविणे तिच्याकडे येते. नर मात्र शेजारच्या फांदीवर दुसरा खोपा विणावयास घेतो व तिथे दुसरी मादी बोलावतो. नापसंत झालेले अर्धे खोपे तसेच लटकत राहतात. हा क्रम सलीम अलींनी दिवसांमागून दिवस नोंदून काढला आणि सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्या निबंधाने त्यांना पक्षिशास्त्रज्ञ म्हणून मान मिळवून दिला. जे सारा गाव वर्षानुवर्षे येता-जाता पाहत होता, ते त्यांनी नीट बसून पाहिले.

त्यानंतर हैदराबाद, त्रावणकोर-कोचीन अशा संस्थानांतील पक्ष्यांच्या पाहण्या सुरू झाल्या. संस्थानाने खर्च द्यावा, आपण मेहनताना घेणार नाही, अशी त्यांची बोली असे. बिनपगारी माणसाचा संसार राहुट्यांतून आणि बैलगाड्यांतून चालविणाऱ्या तेहमिना बेगमच होत्या. 1939 साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्या अकस्मात वारल्या. मूलबाळ नव्हते. सलीम अली बहीण कमू व मेहुणे हसन यांच्या घरी राहिले आणि पुन्हा लग्न केले नाही. अठ्ठेचाळीस वर्षे ते त्यांच्यामागे जगले. त्यांना मिळालेल्या मानसन्मानांपैकी थोडेच तेहमिना बेगमना पाहावयास मिळाले.

1941 साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील चित्रमय पुस्तक निघाले. ज्याला शास्त्र येत नाही अशा माणसालाही अंगणातला पक्षी ओळखता यावा, असे ते लिहिलेले आहे. देहरादूनच्या तुरुंगातून पंडित नेहरूंनी ते नैनीच्या तुरुंगात असलेल्या आपल्या मुलीकडे, इंदिरा गांधींकडे पाठविले होते. तुरुंगाच्या आवारातही पक्षी येतातच. रिप्लेसाहेबांबरोबरचा दहा खंडांचा मोठा ग्रंथ 1968 ते 1974 या काळात झाला. 1958 साली पद्मभूषण, 1976 साली पद्मविभूषण आणि 1985 साली राज्यसभेवर नेमणूक, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच 1985 साली निघालेल्या आत्मचरित्राचे नाव मात्र त्यांनी एका चिमणीच्या मरणावरून ठेवले. 20 जून 1987 रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले.

त्यांचा जन्मदिवस 12 नोव्हेंबर, आणि आपल्या विदर्भाच्या रानांत आयुष्य घालवून पाखरांची मराठी नावे गोळा करणारे मारुती चितमपल्ली यांचा 5 नोव्हेंबर. या दोन दिवसांमधला आठवडा महाराष्ट्रात 2020 सालापासून पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. त्या दिवसांत सुगरणीची बाभूळ मुद्दाम जाऊन पाहावी. पिल्ले उडून गेलेली असतात, खोपे मोकळे असतात. त्यांतले लांब नळीचे पुरे खोपे किती आणि नळी न विणलेले, उलट्या टोपीसारखे अर्धे किती, हे खालून उभ्या उभ्या मोजता येते. कोणते पसंत पडले होते आणि कोणते नाही, ते तेवढ्यावरून कळते. वाऱ्याने एखादा खाली पडलेला असला तर हात घालून आतले अंथरूणही पाहता येईल. ते काम मात्र तिचे असते.