‘वॉन मिसेस’ नावाचा माणूस

नरडाण्याहून रोज धुळ्याला अप-डाउन करणारा मेकॅनिकलचा एखादा मित्र तुम्हालाही असेल. त्याच्या लॅपटॉपवर लाल-निळ्या रंगात रंगलेला पार्ट दिसतो ना, त्यावर ‘वॉन मिसेस स्ट्रेस’ लिहिलेलं असतं. मिसेस म्हणजे कुणाची बायको नाही हं. ते रिचर्ड फॉन मीझेस.

जन्म १८८३, लेम्बर्ग. आज ते युक्रेनमधलं ल्विव. २६व्या वर्षी स्ट्रासबुर्गला प्राध्यापक झाले, विमान उडवायलाही शिकले. धातू किती ताणल्यावर कायमचा वाकतो, याचं सूत्र त्यांनी १९१३ मध्ये मांडलं. त्रेस्का यांचा नियम आधीपासून होता, पण गणिताला किचकट. मीझेस यांनी निव्वळ सोय म्हणून तो गुळगुळीत केला. पुढे प्रयोग झाले, तर तांब्या-पोलादाशी जास्त जुळलं ते हे सोयीचंच सूत्र! (हुबर यांनी हेच १९०४ मध्ये पोलिश भाषेत छापलं होतं, तेही लेम्बर्गमध्येच. बाहेर फारसं कुणी वाचलंच नाही.)

एक गोम होती. सूत्र धरून चालतं की धातू सगळ्या दिशांनी सारखा. लाकूड फोडून बघा, उभं झटकन चिरतं, आडव्या घावाला कुऱ्हाड अडकते. धातूच्या स्फटिकांचंही तसंच. बर्लिनला असताना, १९२८ मध्ये, मीझेस यांनीच स्फटिकांसाठी दिशेचा हिशेब मांडला.

मग १९३३ आलं. ज्यू कुटुंबात जन्म, एवढा गुन्हा पुरेसा होता. पहिल्या महायुद्धात लढल्यामुळे त्यांना सूट मिळत होती, तरी ते थांबले नाहीत. स्वतः उभी केलेली संस्था सोडून इस्तंबूलला गेले, १९३९ मध्ये हार्वर्डला. सहकारी हिल्डा गाइरिंगर याही हाकलल्या गेलेल्या. धातूंच्या याच विषयात त्यांचं स्वतःचं मोठं काम. दोघांनी १९४३ मध्ये लग्न केलं. १९५३ मध्ये मीझेस गेले, अर्धवट राहिलेलं त्यांचं लिखाण हिल्डा यांनी पुरं करून छापलं.

दिशेचा प्रश्न मात्र आता जास्तच भेडसावतोय. थ्रीडी प्रिंटिंगमध्ये लेझर धातूची पावडर थरावर थर वितळवत जातो. आतले कण बहुतेक वेळा थर चढतात त्याच दिशेला लांबट वाढतात. म्हणून एकाच पार्टमधून उभा कापलेला तुकडा आणि आडवा कापलेला तुकडा वेगवेगळ्या ताणाला वाकतात. १९१३ चं सूत्र इथे तसंच वापरलं, तर स्क्रीनवर निळा दिसणारा भाग प्रत्यक्षात वाकू शकतो. यासाठी रॉडनी हिल यांनी १९४८ मध्ये मीझेस यांचंच सूत्र वाढवून दिलंय.

त्या मित्राला पुढच्या वेळी एवढंच विचारा, पार्ट प्रिंट करताना उभा ठेवला होतास की आडवा?