मरणाचा हिशेब मागणाऱ्या जेसिका मिटफर्ड

भाजीच्या जुडीसाठी घासाघीस करणारा गृहस्थ आईवडिलांच्या अंत्यविधीचा खर्च विचारताना ओशाळतो. वेळ थोडा असतो, मन ठिकाणावर नसते, पूर्वीचा अनुभव नसतो आणि काटकसर केली तर लोक काय म्हणतील, हा धाक असतो. समोरचा माणूस जी रक्कम सांगेल ती मुकाट्याने मोजली जाते. विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत या मुकेपणाच्या आधारावर एक भरभराटीचा धंदा उभा राहिला होता. त्याचे हिशेब चव्हाट्यावर मांडण्याचे काम १९६३ मध्ये जेसिका मिटफर्ड या लेखिकेने केले. आज अमेरिकेतील ग्राहकाला अंत्यविधीचे लेखी दरपत्रक मागण्याचा जो कायदेशीर हक्क आहे, त्याच्या मुळाशी त्यांच्या लेखणीचा मोठा वाटा आहे.

गंमत अशी, की या बाईंचा जन्म पैशाचा हिशेब ठेवण्याची फारशी गरज नसलेल्या घराण्यात झाला होता. ११ सप्टेंबर १९१७ रोजी इंग्लंडमधील एका उमराव कुटुंबात त्या जन्मल्या. लॉर्ड रेड्सडेल यांच्या सात अपत्यांपैकी त्या सहाव्या. घरात त्यांना 'डेका' म्हणत. थोरली बहीण नॅन्सी पुढे कादंबरीकार म्हणून नावारूपाला आली. डायना हिने ब्रिटिश फॅसिस्ट पुढारी ऑस्वाल्ड मोस्ले याच्याशी विवाह केला, तर युनिटी हिटलरच्या भजनी लागली. मुलींना शाळेत घालण्याची त्या घरात रीत नव्हती, आणि शिक्षण नाकारले गेल्याची खंत जेसिका यांना जन्मभर राहिली. बहिणी उजवीकडे झुकत असताना त्या मात्र डाव्या विचारांकडे वळल्या. घरातून पळून जाण्यासाठी म्हणून त्यांनी लहानपणापासून बँकेत पैसे साठवले होते. १९३७ मध्ये ते उपयोगी पडले. चर्चिल यांच्या मेहुणीचा मुलगा एस्मंड रोमिली याच्याबरोबर त्या यादवी युद्धात होरपळणाऱ्या स्पेनमध्ये निघून गेल्या आणि दोघांनी लग्न केले.

पुढील काही वर्षांत मृत्यूने त्यांची पाठ सोडली नाही. पहिली मुलगी गोवराने काही महिन्यांची असतानाच गेली. १९३९ मध्ये हे जोडपे अमेरिकेला गेले. महायुद्धात एस्मंड कॅनडाच्या हवाई दलात दाखल झाला आणि नोव्हेंबर १९४१ मध्ये त्याचे विमान उत्तर समुद्रावर नाहीसे झाले. पदरी तान्ही मुलगी असलेल्या चोवीस वर्षांच्या जेसिका यांनी वॉशिंग्टनमध्ये नोकरी धरली. ती होती 'ऑफिस ऑफ प्राइस ॲडमिनिस्ट्रेशन' या सरकारी खात्यात. युद्धकाळात वस्तूंचे भाव आणि घरभाडी यांवर नियंत्रण ठेवणे हे त्या खात्याचे काम होते. रॉबर्ट ट्रूहाफ्ट या वकिलाशी त्यांची ओळख तेथेच झाली. १९४३ मध्ये त्यांनी विवाह केला आणि पुढे कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे बिऱ्हाड थाटले. दोघेही कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते, कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी झटत होते, आणि त्यापायी दोघांनाही चौकशी समित्यांच्या ससेमिऱ्याला तोंड द्यावे लागले. १९५५ मध्ये त्यांचा मुलगा निकोलस बसखाली सापडून मरण पावला. १९५८ मध्ये दोघांनी पक्ष सोडला. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहून कोणी हिशेबाची भाषा बोलू लागले, की तो माणूस कोरडा असावा असे आपल्याला वाटते. जेसिका यांच्या बाबतीत तसे म्हणता येणार नाही.

अंत्यविधीच्या धंद्याकडे लक्ष गेले ते ट्रूहाफ्ट यांचे. ते कामगार संघटनांचे वकील होते. सदस्य कामगार मृत्यू पावला, की त्याच्या कुटुंबाला संघटनेकडून काही रक्कम मिळे. कर्ता माणूस गेल्यावर घर सावरण्यासाठी ती असे. ट्रूहाफ्ट यांच्या लक्षात आले, की विधवेच्या हाती त्यातले काहीच उरत नाही. रक्कम मोठी असली तर बिल मोठे येई, लहान असली तर लहान. दफनविधी करणारा व्यावसायिक आधी मिळकतीचा अंदाज घेई आणि मग दर ठरवी, असाच त्याचा अर्थ होता. ही लूट टाळण्यासाठी सॅन फ्रान्सिस्को परिसरातील काही सुजाण नागरिकांनी ना नफा तत्त्वावर एक संस्था स्थापन केली. सदस्यांच्या वतीने व्यावसायिकांशी आधीच करार करून साधा, स्वस्त अंत्यविधी मिळवून द्यायचा, हा तिचा हेतू होता. ट्रूहाफ्ट त्यात मनापासून रमले. जेसिका यांना आरंभी या विषयात रस नव्हता. पण पतीने घरी आणलेली या धंद्याची व्यापारी मासिके त्या चाळू लागल्या आणि पाहता पाहता त्यात गुंतल्या. १९५८ मध्ये त्यांनी या विषयावर पहिला लेख लिहिला. पुढे पुस्तकाची कल्पना निघाली, तेव्हा ट्रूहाफ्ट यांनी वकिली बाजूला ठेवून संशोधनात त्यांना साथ दिली.

'द अमेरिकन वे ऑफ डेथ' हे पुस्तक ऑगस्ट १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातले सर्वांत भेदक प्रकरण होते ते विक्रीच्या तंत्राचे. त्या काळी बहुतेक ठिकाणी शवपेटीवर एकच आकडा लिहिलेला असे. पेटी, गाडी, दालनाचे भाडे, माणसांची मजुरी असे सारे त्यात गुंडाळलेले असे. एखादी सेवा नको म्हटले, तरी बिल कमी होत नसे. पेट्यांच्या दालनाची मांडणीही विचारपूर्वक केलेली असे. ग्राहकाची पावले आपोआप महाग पेट्यांकडे वळावीत आणि स्वस्त पेटी मागणे लाजिरवाणे वाटावे, अशी ती योजना. मृताला घालण्यासाठी खास बनवलेली पादत्राणेही विकली जात.

एम्बाल्मिंगचा मुद्दा त्याहून गंभीर होता. शवातील रक्त काढून त्याजागी रसायन भरण्याची ही प्रक्रिया अमेरिकेत जवळजवळ सरसकट केली जात होती. कायद्याने ती बंधनकारक आहे, असा समज ग्राहकाला करून दिला जाई. मिटफर्ड यांनी दाखवून दिले, की सर्वसाधारण प्रसंगी तसा कायदा नाही, आणि सार्वजनिक आरोग्याचा जो दाखला दिला जातो त्यालाही भक्कम आधार नाही. या प्रक्रियेचे त्यांनी केलेले तपशीलवार वर्णन एका प्रकाशकाला सोसले नाही. ते गाळण्यास नकार देऊन त्यांनी पुस्तक दुसऱ्या प्रकाशकाकडे नेले. पुस्तकातला आणखी एक प्रसंग पुष्कळांच्या स्मरणात राहिला. एका बाईंनी नातलगासाठी साधी, स्वस्त पेटी निवडली. मृताची उंची जास्त असल्याने ती पुरणार नाही, शंभर डॉलर जास्त देऊन दुसरी घ्यावी, असे व्यावसायिकाने कळवले. बाई बधल्या नाहीत, तेव्हा मग पाय कापावे लागतील, असे त्यांना सांगण्यात आले.

पुस्तकावर वाचकांच्या उड्या पडल्या. वीस हजार प्रतींची पहिली आवृत्ती प्रकाशनाच्या दिवशीच संपली. व्यावसायिकांच्या संघटना खवळल्या. लेखिकेच्या कम्युनिस्ट भूतकाळाचे भांडवल केले गेले, आणि कॅलिफोर्नियाच्या एका लोकप्रतिनिधीने संसदेच्या कामकाजात त्यांच्यावर शरसंधान केले. मात्र त्यांनी मांडलेले आकडे खोडून काढणे कोणाला साधले नाही. बऱ्याच धर्मगुरूंनीही त्यांची बाजू घेतली, कारण धर्माने सांगितलेला साधेपणा या बाजारात हरवल्याचे दुःख त्यांनाही होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. भावासाठी शवपेटी निवडताना आपल्याला या पुस्तकाची आठवण झाली होती, असे रॉबर्ट केनेडी यांनी पुढे सांगितले.

पुस्तकातून कायदा निघायला वीस वर्षे लागली. १९७० च्या दशकात फेडरल ट्रेड कमिशनने या व्यवसायाची चौकशी हाती घेतली. व्यावसायिकांच्या विरोधाला तोंड देत अखेर ३० एप्रिल १९८४ पासून 'फ्युनरल रूल' पूर्णपणे अमलात आला. त्यातील तरतुदी साध्या आहेत. प्रत्यक्ष येऊन चौकशी करणाऱ्या कोणालाही सुट्या दरांचे छापील पत्रक द्यावे लागते, आणि ते त्याला घरी नेता येते. दूरध्वनीवरही दर सांगावे लागतात. पेट्या दाखवण्यापूर्वी त्यांची किंमत यादी दाखवावी लागते. एक मूलभूत सेवाशुल्क वगळता ग्राहकाने हवे तेवढेच घ्यावे. कायदा नसताना एम्बाल्मिंगला कायद्याचा आधार आहे असे सांगता येत नाही. बाहेरून आणलेली पेटी स्वीकारावी लागते, आणि १९९४ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी वेगळा आकार लावण्यालाही मनाई आहे. सरकारने दर ठरवून दिलेले नाहीत. दर लपवण्याला बंदी केली आहे, एवढेच.

एवढ्याने सारे प्रश्न सुटले असे नाही. स्वतः मिटफर्ड याही समाधानी नव्हत्या. आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांनी या पुस्तकाची सुधारित आवृत्ती लिहावयास घेतली. एव्हाना मोठ्या कंपन्या गावोगावचे घरगुती व्यवसाय विकत घेऊन, दारावरची जुनी पाटी तशीच ठेवून, दर चढवू लागल्या होत्या. ही आवृत्ती त्यांच्या मृत्यूनंतर १९९८ मध्ये निघाली. अमेरिकेतील व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेच्याच पाहणीनुसार २०२३ मध्ये अंत्यदर्शन आणि दफनासह होणाऱ्या विधीचा मध्यम खर्च ८,३०० डॉलर होता, आणि त्यात दफनभूमीतील जागेची किंमत धरलेली नाही. नियमही सर्वत्र पाळला जातो असे नाही. फेडरल ट्रेड कमिशनने अडीचशेहून अधिक व्यावसायिकांना ओळख न देता दूरध्वनी करून पाहिले, आणि जानेवारी २०२४ मध्ये ३९ जणांना ताकीद दिली. शिवाय हा नियम इंटरनेटपूर्व काळातला असल्याने संकेतस्थळावर दर देण्याची सक्ती त्यात नव्हती. मिटफर्ड यांच्या कॅलिफोर्नियाने २०१३ पासून त्या दिशेने पाऊल टाकले. त्यांच्या जन्मभूमीत, ब्रिटनमध्ये, २०२१ च्या आदेशानुसार ठरावीक नमुन्यातील दरपत्रक दुकानात आणि संकेतस्थळावर लावणे बंधनकारक झाले.

समाजाच्या सवयी मात्र पुष्कळ बदलल्या. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत शंभरात चौघांचेही दहन होत नव्हते. २०१६ च्या सुमारास दहनाने दफनाला मागे टाकले. या बदलामागे अनेक कारणे असली, तरी खर्च हे त्यातले एक मोठे कारण. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही कठीण प्रसंगी याच नियमाचा आधार आहे. परक्या देशात, रीतिरिवाज ठाऊक नसताना, हातात लेखी दर असणे ही लहान गोष्ट नव्हे.

जुलै १९९६ मध्ये कर्करोगाने ओकलंड येथे जेसिका मिटफर्ड यांचे निधन झाले. वय ७८ होते. कोणताही विधी न करता त्यांचे दहन करण्यात आले आणि रक्षा समुद्रात विसर्जित झाली. दहनाला ४७५ डॉलर लागले आणि एकूण खर्च झाला ५३३ डॉलर ३१ सेंट. तो इतका नेमका ठाऊक असावा, हे त्यांच्या आयुष्याशी सुसंगतच होते.

आपल्याकडे अजून पुष्कळ ठिकाणी शेजारचे जाणते लोक पुढे होतात, तिरडी बांधतात, चार खांदे मिळतात आणि घरच्यांना पैशाची विचारणा करावी लागत नाही. पण शहरातल्या बंद दारांआड ही व्यवस्था विरळ होत चालली आहे. शववाहिका, सरणाचे सामान, विधी सांगणारे गुरुजी, दिवसांचे साहित्य असे सारे जमवून देणारे व्यावसायिक येथेही पुढे येत आहेत. त्यांत गैर काही नाही. अडचणीच्या वेळी त्यांची मदतच होते. मात्र त्यांचे दर कोठे लिहिलेले आहेत, हा प्रश्न कोणी विचारायचा? ज्याच्या घरी प्रेत आहे त्याने तो विचारावा, ही अपेक्षाच निर्दय आहे. भाव विचारण्याचे ओझे शोकाकुल माणसाच्या खांद्यावरून उतरवून भाव सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर टाकावी, हे मिटफर्ड यांच्या कार्याचे सार होते. महापालिकांनी स्मशानभूमीच्या दारावर सर्व सेवांच्या दरांचा एक ठळक फलक लावण्यापासून या कामाला सुरुवात करता येईल.