मनोऱ्यातली घंटा

फ्रान्समध्ये बोर्दो शहराच्या पूर्वेला सुमारे ५० किलोमीटरवर एक गोल दगडी मनोरा उभा आहे. शेजारचा वाडा १८८५ साली आगीत जळाला, मनोरा मात्र वाचला. तळाला चॅपल, मध्ये शेजघर आणि वर ग्रंथालय. येथे मिशेल द माँतेन (१५३३-१५९२) लिहीत बसत.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आमची त्यांच्याशी ओळख झाली ती 'संशयवादी' म्हणून. परीक्षेपुरते वाचले आणि आम्ही पुढे देकार्तकडे वळलो. त्यांचे 'निबंध' १६७६ मध्ये रोमच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेले होते, हे कळल्यावर तर आम्ही त्यांना आणखीच दूर ठेवले. ती आमची घाई होती.

१५६३ मध्ये त्यांचा जिवलग मित्र ला बोएसी वारला, १५६८ मध्ये वडील गेले. न्यायालयातले पद सोडून १५७१ मध्ये ते मनोऱ्यात आले. सहा मुली झाल्या, त्यांतली एकच जगली. पुढे वडिलांचेच मुतखड्याचे दुखणे मागे लागले. बाहेर कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट एकमेकांच्या जिवावर उठलेले. माँतेन कॅथलिक राहिले, पण त्यांचा एक भाऊ आणि एक बहीण प्रॉटेस्टंट झाली होती. अशा दिवसांत शेजारी तटबंदी वाढवत असताना यांच्या फाटकावर फक्त एक दरवान! १५८४ मध्ये प्रॉटेस्टंटांचा पुढारी, नाव्हारचा राजा आंरी, त्यांच्याकडे मुक्कामाला होता.

'मला काय ठाऊक आहे?' असे स्वतःला विचारणारा हा माणूस रोज पहाटे आणि संध्याकाळी आव्हे मारियाची मोठी घंटा ऐकत असे. तिच्या आवाजाने मनोरा हादरे. पुढे इतकी सवय झाली की पुष्कळदा झोपही मोडत नसे. (आमच्या काही तरुणांचेही तेच आहे.) चॅपलपासून शेजघरापर्यंत भिंतीत एक पोकळ वाट आहे, वरूनही खालची मिस्सा ऐकू यावी म्हणून. अंथरुणाला खिळलेल्यांना कम्युनियन द्यायला जातो तेव्हा ती भिंत आम्हाला आठवते.

सप्टेंबर १५९२ मध्ये घशाच्या आजाराने त्यांची वाचा गेली. त्यांनी पत्नीला चिठ्ठी लिहून शेजाऱ्यांना बोलावून घेतले. खोलीतच मिस्सा सुरू झाली. धर्मगुरूंनी ख्रिस्तशरीर उंचावले तेव्हा ते हात जोडून उठू लागले आणि त्याच क्षणी त्यांनी प्राण सोडला.