मेंढ्यांची जाहीर परीक्षा

फ्रान्समधल्या बोस भागातल्या मेंढपाळांना काही शेते 'शापित' वाटत. तिथे चरायला सोडलेल्या मेंढ्या धडधाकट दिसता दिसता कोसळत, त्यांचे रक्त काळे पडे. हा रोग म्हणजे काळपुळी, अर्थात अँथ्रॅक्स. त्याच्या जंतूचे जीवनचक्र जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी १८७६ साली उलगडले होते. पण एखादे शेत वर्षानुवर्षे मेंढ्या का मारत राहते, या प्रश्नामागे लागला एक रसायनशास्त्रज्ञ.

लुई पाश्चर (१८२२-१८९५) हे ना डॉक्टर होते ना पशुवैद्य. कातडी कमावणाऱ्याचा हा मुलगा. १८६८मध्ये अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांची डावी बाजू कायमची अधू झाली होती. तरी ते शेतांतून हिंडत. शार्त्रजवळच्या एका शेतात मातीचा एक पट्टा वेगळ्या रंगाचा दिसला. चौकशी केली तेव्हा कळले, मेलेल्या मेंढ्या तिथेच पुरल्या होत्या. जमिनीवर गांडुळांची बारीक विष्ठा पसरली होती. गांडुळे खोलवरची माती वर आणतात, आणि तिच्याबरोबर जंतूंचे टणक बीजाणूही येतात, असा निष्कर्ष पाश्चर यांनी काढला. काटेरी चाऱ्याने तोंडात जखमा झाल्या की बीजाणूंना आत शिरायला वाट मिळते, हेही त्यांनी प्रयोगाने दाखवले. चराऊ रानात मेलेली जनावरे पुरू नका, हा सल्ला त्यातूनच आला.

पाश्चर यांना विज्ञान चारचौघांत मांडायची हौस होती. सोरबोनच्या सभागृहात त्यांनी दिलेल्या व्याख्यानांना पॅरिसचे साहित्यिकही येत. कोंबड्यांना काळपुळी का होत नाही, या वादात तर ते १८७८मध्ये वैद्यक अकादमीत थेट कोंबड्यांचा पिंजराच घेऊन गेले होते. गार पाण्यात ठेवून शरीराचे तापमान उतरवलेली कोंबडी याच रोगाने मेली होती. तिचे कलेवर तिथे सर्वांसमोर होते.

लस तयार झाल्यावर मलँ गावच्या रोसिन्योल या पशुवैद्याने जाहीर चाचणीचा प्रस्ताव मांडला. त्याला जंतूंच्या सिद्धांताविषयी शंका होती. सहकाऱ्यांना घाई वाटत होती, पण पाश्चर यांनी करारावर सही केली. पुयी-ल-फोरच्या शेतावर ५ आणि १७ मे १८८१ या दिवशी २४ मेंढ्या, १ शेळी आणि ६ गाई-बैलांना लस टोचली गेली. तेवढ्याच मेंढ्या, १ शेळी आणि ४ गाई तशाच ठेवल्या. ३१ मे रोजी सर्वांना जिवंत, जहाल जंतू टोचले.

दुसऱ्या दिवशी लस दिलेली एक मेंढी आजारी असल्याची बातमी आली. पाश्चर यांचा धीर सुटला आणि सगळा राग तरुण सहकारी एमिल रू यांच्यावर निघाला, असे सांगतात. सकाळी तार आली ती यशाची. २ जूनला दुपारी पाश्चर पोहोचले तेव्हा शेतकरी, पशुवैद्य, अधिकारी यांची गर्दी होती, लंडनच्या 'टाइम्स'चा वार्ताहरही होता. लस न दिलेल्या मेंढ्या ओळीने मरून पडल्या होत्या. उरलेल्या दोन-तीन त्याच दिवशी, गर्दीच्या देखत गेल्या. लस दिलेल्या मेंढ्या चरत होत्या. त्यांतली एक गाभण मेंढी नंतर दगावली, पण तिच्या पोटातले पिल्लू आधीच मेलेले निघाले.

मात्र एक गोष्ट गर्दीला सांगितली गेली नाही. पाश्चर यांची पद्धत हवेतल्या ऑक्सिजनने जंतू दुबळे करण्याची, असाच सर्वांचा समज होता. शेतावर वापरलेली लस त्यांचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांनी पोटॅशियम डायक्रोमेटने बनवली होती. रसायनाचा मार्ग आदल्या वर्षी तुलूझच्या तूसँ या तरुण पशुवैद्याने चोखाळला होता, आणि पाश्चर यांची त्याच्याशी स्पर्धा होती. त्यांनी समज तसाच राहू दिला. लस खरी होती, निकाल खरा होता. तरी हे मौन त्यांना शोभणारे नव्हते. तूसँ १८९० साली, चाळिशीतच वारला. पाश्चर यांच्या पत्नीच्या भाच्याने पुढे आठवणींत ही गोष्ट लिहिली. प्रयोगवह्या मात्र घराण्याने जपून ठेवल्या होत्या. त्या १९७०च्या दशकात अभ्यासकांना खुल्या झाल्या, आणि १९९५मध्ये इतिहासकार जेराल्ड गायसन यांनी वह्यांच्या आधारे सगळा तपशील पुस्तकात मांडला.

१८९४पर्यंत फ्रान्समध्ये ३० लाखांहून अधिक मेंढ्यांना लस मिळाली होती. आज वापरात आहे ती लस वेगळी, १९३०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत मॅक्स स्टर्न यांनी शोधलेली. बीजाणू मात्र मातीत कित्येक दशके तग धरतात. म्हणूनच काळपुळीचा संशय असलेले जनावर मेल्यावर कापू नये, सोलू नये, असे पशुवैद्य आजही बजावतात. कलेवर बंद राहिले तर आतल्या जंतूंना हवा मिळत नाही, आणि हवेशिवाय बीजाणू तयार होत नाहीत.